दोन नंबरचा खांब

१

नोंदवहीतली शेवटची नोंद अशी होती:

‘सकाळी सात. एकही खांब दिसत नाही. मात्र दोन नंबर चालताना ऐकू येतो आहे.’

अक्षर स्वच्छ, ओळ सरळ. ही नोंद करणारा माणूस पाच तासांनी, धुकं उठल्यावर, मातीपरीक्षणासाठी खणलेल्या खड्ड्यात सापडला. खड्डा तीन मीटर खोल, तळाशी गुडघाभर पाणी. उजवा पाय मोडलेला, जीव गेलेला.

हवामान केंद्रावरचा निरीक्षक कामावर असताना मेला, तर उपकरणं आणि निरीक्षक दोन्ही ठीक होते का, हे कुणीतरी जाऊन बघायचं असतं. ते काम माझं. मी मंगळवारी पोचले तेव्हा गुरुवारच्या या मृत्यूला पाच दिवस झाले होते. अहवाल शुक्रवारपर्यंत हवा होता, कारण शुक्रवारी मोठे साहेब येऊन धावपट्टीच्या जागेवर सही करणार होते.

नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ. अजून एकही वीट नव्हती. होती ती मैलोन्‌मैल सपाट, झाडं काढलेली जमीन आणि तिच्या कडेला एका जुन्या गोदामात थाटलेलं आराखडा कार्यालय. प्रश्न एवढाच होता, की या सखल भागात धुकं किती पडतं? त्यासाठी निरीक्षकाच्या खोलीपासून उत्तरेला तीन पांढरे खांब रोवले होते, दोनशे, पाचशे आणि हजार मीटरवर. रोज सकाळी सात वाजता उंबरठ्यावर उभं राहायचं आणि कितवा खांब दिसतो ते लिहायचं. हिवाळाभरात वीसपेक्षा जास्त सकाळी दोन नंबर दिसला नाही, तर धावपट्टी इथून उचलून पूर्वेच्या उंच माळावर न्यायची, असं ठरलं होतं. हिवाळा संपत आला होता. आकडा अठरावर होता.

“चांगला माणूस होता हो,” धावपट्टीचा आराखडा करणारा अभियंता मला म्हणाला. चाळिशीचा, नीटनेटका, मृदू बोलणारा. कार्यालयात त्याला सगळे पट्टीसाहेब म्हणत. खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी असे. “पण शेवटी शेवटी डोकं ठिकाणावर नव्हतं. डोळेही गेले असावेत. मागच्या मंगळवारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, साहेब, खांब चालतात. मी म्हटलं, काका, चार दिवस विश्रांती घ्या.”

“तुम्ही जाऊन मोजलं नाही?”

“खांब चालतात असं कुणी म्हटलं, तर तुम्ही मोजपट्टी घेऊन निघाल का बाई?”

मी निघाले असते. पण ते बोलले नाही.

बाहेर पायरीवर एक तरुण मुलगी बसली होती. मांडीवर कागदी पिशवी. मला बघून उठली.

“तुम्ही अहवाल लिहिणार ना? मी त्यांची मुलगी. डोळ्यांबद्दल काय लिहिणार आहात?”

“अजून काहीच ठरवलं नाही. का?”

“चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते मी.” तिनं पिशवी छातीशी धरली. “मागच्याच महिन्यात त्यांचे डोळे मीच तपासले होते. शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरं घडाघडा वाचली त्यांनी. आता सगळे म्हणतात त्यांना दिसत नव्हतं. मग मी काय तपासलं, ताई?”

२

निरीक्षकाची खोली दहा बाय दहाची होती. एक खाट, एक टेबल, भिंतीवर तापमापक. तिथं बसून मुलीनं आणि मी नोंदवही सुरुवातीपासून वाचली.

डिसेंबरपर्यंत नुसते आकडे. मग शेऱ्याच्या रकान्यात एक वाक्य: ‘दोन नंबर नेहमीपेक्षा ठळक.’ दहा दिवसांनी: ‘दोन नंबर जवळ वाटतो. वाटण्याला अर्थ नाही, केवळ नोंद करून ठेवतो.’ जानेवारीत: ‘पुन्हा जवळ.’ आणि शेवटच्या आठवड्यात: ‘आता तो माझ्याकडे बघतो आहे असं वाटतं.’

खोलीत आम्ही दोघीच होतो. तरी मुलीनं एकदा दाराकडे पाहिलं. दारातून खांब दिसत होते, एकामागे एक. मधला, दोन नंबरचा, किंचित कललेला होता. कान देऊन ऐकणाऱ्या माणसासारखा.

“असं का लिहीत होते ते?” मी विचारलं.

“थट्टा करायचे. तोंड सरळ ठेवून. आईलासुद्धा कळायचं नाही, हसायचं की घाबरायचं.” ती थांबली. “पण एवढी थट्टा नाही करायचे.”

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, शाईनं लिहिलेला एक जुना आकडा होता: ६५२. त्याच्याखाली पेन्सिलीनं, अलीकडचा: ३९८. त्याखाली दोन रेघा.

“काय मोजलंय हे?”

तिला माहीत नव्हतं. तिनं कागदी पिशवी उलटी केली. वडिलांच्या अंगावरच्या वस्तू होत्या. घडी घातलेला करडा स्वेटर, किल्ली आणि एक पेन्सिल. पेन्सिलीवर, टोकापासून थोड्या अंतरावर, चाकूनं पाडलेल्या दोन खाचा होत्या. मी माझ्या खिशातली पट्टी लावली. टोकापासून पहिली खाच पाच मिलिमीटरवर, दुसरी आठवर.

मुलगी अचानक हसली. पाच दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी. “हे मला ठाऊक आहे! हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा आणि लांबची वस्तू पेन्सिलीवर मोजायची. लहानपणी चंद्रसुद्धा मोजायला लावायचे मला. थांबा.”

ती उंबरठ्यावर उभी राहिली. हात ताठ केला, डावा डोळा मिटला, पेन्सिलीचं टोक दोन नंबरच्या शेंड्याशी जुळवलं. बराच वेळ तशीच उभी होती. मग हात खाली आला.

“जुळत नाही.”

“कुठली खाच?”

“कुठलीच नाही. खांब दोन्ही खाचांपेक्षा लहान दिसतो.” तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. “म्हणजे त्यांना खांब होता त्याहून मोठा दिसत होता. दोन्ही वेळा. आणि मी त्यांच्या कागदावर लिहिलं, दृष्टी उत्तम.”

३

आराखडा कार्यालयात तीन माणसं काम करत. पट्टीसाहेबांना मी भेटले होते. उरले दोघे.

भूमापक उंच, मोठ्या आवाजाचा आणि बारीकसारीक गोष्टीवर हसणारा होता. त्याच्या बुटांना सदा चिखल असे.

“काका वेडे? छे हो! वेडे आम्ही. तीन वर्षं ही जमीन मोजतोय, आणि नकाशा आहे तसाच. इथं जमिनीनं परवानगी घेऊन वर-खाली व्हायचं असतं, बाई. मी बाहेरून ओरडत येतो, इथं चढ आहे, तिथं तळ्याची जुनी माती आहे. पट्टीसाहेब म्हणतात, ‘बघू.’ बघतात कुठले!”

“काका गेले त्या सकाळी तुम्ही कुठं होता?”

“बहिणीकडे. भाच्याचं बारसं. बुधवारी गेलो, शुक्रवारी आलो. उपग्रहावरून जागा दाखवणारं माझं हातयंत्रसुद्धा कपाटात टाकून गेलो होतो.” त्याचा आवाज खाली आला. “तो खड्डा बुधवारी संध्याकाळीच खणला. काकांना ठाऊक असायचं कारण नाही. मी असतो तर सांगितलं असतं.”

प्रतिकृतीकार गोदामाच्या मधल्या दालनात असे. वय साठीच्या पुढं, दाढीत लाकडाचा भुसा, म्हणून नाव भुसानाना. त्याच्यासमोर चार मीटर लांबीच्या टेबलावर सगळा विमानतळ पसरला होता. मिलिमीटरला मीटर. धावपट्टी, मनोरा, बोटाएवढी विमानं. आणि टोकाला, नखाएवढी, निरीक्षकाची खोली. तिच्या दारात एक टाचणी उभी होती. टाचणीला डोकं होतं.

“हे काका?” मी विचारलं.

“मग कोण? माझ्या टेबलावर माणसं लागतात. नुसत्या इमारती म्हणजे स्मशान.” त्यानं टाचणीकडे पाहिलं नाही. “काढायला हात होत नाही.”

“त्या दिवशी तुम्ही लवकर आला होता?”

“मी रोजच सात वाजता येतो. घरी सून झाडू मारते, तिला मी मध्ये नको असतो. त्या दिवशी धुकं असं होतं, की दाराची कडी चाचपडत शोधली. आत आलो, दिवा लावला आणि बाहेरून आवाज आला. ठक्. ठक्. मग काहीतरी ओढल्याचा. मग परत ठक्.”

“कुठून?”

“धुक्यात आवाजाला दिशा असते का बाई? सगळीकडून. मला वाटलं गजा खुंट्या ठोकतोय. तो गावाला गेलाय हे ध्यानातच राहिलं नाही.” गजा म्हणजे भूमापक. भुसानानानं हातातला पॉलिशपेपर टेबलावर ठेवला. “थोड्या वेळानं कुणीतरी हाक मारली. काहीतरी विचारल्यासारखी. शब्द कळले नाहीत. मी दारात जाऊन ‘ओ’ दिली. मग ठोकायचा आवाज थांबला.”

“आणि हाक?”

“हाक आली ना, अजून दोनदा.” त्याचे हात टेबलाच्या कडेवर होते. “आणि मग पुन्हा ठक्, ठक् सुरू झालं. म्हणून मी आत आलो. म्हटलं, काम चालू आहे, म्हणजे सगळं ठीक असणार.”

४

बुधवारी दुपारी ऊन स्वच्छ होतं. मी मुलीला पुन्हा उंबरठ्यावर बोलावलं.

“स्वेटर घाला,” मी म्हटलं.

“बाबांचा?”

“हो. पेन्सिल डोळ्यापासून जितकी लांब, तितकी तिच्यावरची मापं मोठी. तुमचा हात त्यांच्याएवढा लांब नाही. काल आपण त्यांच्या खाचा तुमच्या हातानं वाचत होतो.”

तिनं स्वेटर घातला. बाह्या तिच्या बोटांच्याही पुढं लोंबत होत्या. तिनं हात ताठ केला. मी बाही ओढून सरळ केली आणि रिकाम्या बाहीच्या टोकाशी, जिथं तिच्या वडिलांची मूठ आली असती तिथं, पेन्सिल धरली.

ती एक डोळा मिटून बघत राहिली.

“जरा वर... बस्. ताई, जुळलं. पहिली खाच. तंतोतंत.”

“म्हणजे त्यांचे डोळे ठीक होते. खांब पाचशे मीटरवर असताना त्यांनी पहिली खाच पाडली. मग आठ मिलिमीटरची खाच कधी पाडली असेल?”

उत्तर तिनंच दिलं, हळू आवाजात. “खांब जवळ असताना.”

“किती जवळ, तेही काढता येतं. पाचाला आठ. म्हणजे पाचशेच्या जागी तीनशे, थोडं वर-खाली. आता वहीतले आकडे. सहाशे बावन्न आणि तीनशे अठ्ठ्याण्णव. ही पावलं आहेत. त्यांच्या पावलांनी पाचशे मीटर म्हणजे सहाशे बावन्न. तीनशे अठ्ठ्याण्णव पावलं म्हणजे किती?”

तिनं ओठ हलवत हिशेब केला. “तीनशे पाच.”

“दोन वेगळ्या रीती, उत्तर एकच. भ्रम झालेल्या माणसाची अशी दोन उत्तरं जुळत नाहीत. तुम्ही डोळे बरोबर तपासलेत. खांब खरोखरच त्यांच्याकडे येत होता.”

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. तिनं दोन्ही बाह्या छातीशी घट्ट गुंडाळून घेतल्या आणि दूर उभ्या त्या कललेल्या खांबाकडे बघत राहिली.

मी भूमापकाला बोलावलं. तो फीत, कुदळ आणि ते हातयंत्र घेऊन आला. खोलीपासून दोन नंबरच्या दिशेनं आम्ही तिघं जमीन तपासत निघालो. खांब पोकळ नळीचा होता, चार मीटर उंच, खाली भाल्यासारखं टोक. एकटा माणूस उपटून, ओढून, हातोड्यानं पुन्हा ठोकू शकेल असा.

तीनशे पाच मीटरवर भूमापक वाकला. गवताचा एक गड्डा त्यानं बोटानं बाजूला सारला. खाली मुठीएवढं भोक होतं, ताज्या मातीनं बुजवलेलं.

चाळीसेक मीटर पुढं दुसरं. मग तिसरं, चौथं. प्रत्येक आधीच्यापेक्षा जुनं. शेवटच्या काहींवर गवत उगवू लागलं होतं. उघड्या माळावर, सरळ रेषेत, कुणीतरी एका पायावर चालत गेल्यासारखी ती भोकं होती. भूमापकाचं हसणं केव्हाच थांबलं होतं.

“दर वेळी चाळीस मीटर,” तो म्हणाला. “काकांना एकदम कळू नये म्हणून. आणि धुक्यात काका तीनशेवरचा खांब बघून लिहीत राहिले, पाचशेचा दिसतो. प्रामाणिकपणे.”

“खऱ्या रीतीनं मोजलं असतं तर अठराच्या जागी किती झाले असते?”

“तिशीच्या पुढं. ही जागा बाद झाली असती.”

खड्डा त्याच रेषेत होता, तीनशेच्या अलीकडे; तो येतानाच लागला होता. तेव्हा मुलीनं मान दुसरीकडे वळवली होती. आम्ही वळसा घालून पुढं आलो होतो.

सहावं भोक सर्वांत जुनं होतं. फीत पाचशे मीटर दाखवत होती. दोन नंबर मुळात इथं उभा होता.

पण आत्ता इथं खांब नव्हता. तो डावीकडे, सात मीटर पलीकडे, ओलसर जमिनीत कलून उभा होता.

भूमापकानं हातयंत्र त्या खांबाशी नेलं, पडद्यावरचे आकडे बघितले, पुन्हा बघितले. मग त्यानं यंत्र माझ्यापुढं धरलं. यंत्रात एक जागा साठवलेली होती. मागच्या गुरुवारची तारीख, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं.

“मी तर बारशाला होतो,” तो म्हणाला. “कपाटाची किल्ली आम्हा तिघांकडे असते.”

५

गुरुवारी सकाळी मी तिघांना प्रतिकृतीच्या टेबलाशी बोलावलं. मुलगी खिडकीशी उभी होती. मी टेबलाच्या त्या टोकावर पातळ कागद अंथरला होता. त्यावर फक्त खोली आणि तिथून निघणारी एक रेघ.

“एकच काम आहे. प्रत्येकानं एक टाचणी टोचायची, दोन नंबरचा खांब पूर्वीपासून जिथं होता तिथं. एकेकानं या. बाकीच्यांनी पाठ करायची.”

“पोरखेळ आहे का बाई हा?” भुसानाना पुटपुटला; पण आला आणि न मोजता टाचणी टोचली. मी ती काढून घेतली. भोक दिसत राहिलं ते मी बोटानं झाकलं. भूमापक आला, रेघेवर हात ठेवला, मग उजवीकडे थोडा सरकला आणि टोचली. त्याची टाचणी माझ्या बोटाला लागली.

पट्टीसाहेब शेवटी आले. त्यांनी खिशातली पट्टी काढली, खोलीपासून रेघेवर तीन-चारदा ठेवत पन्नास सेंटीमीटर मोजले आणि टाचणी टोचली. बरोबर रेघेवर.

मी कागद उचलला. खाली भुसानानाच्या प्रतिकृतीत दोन नंबरचं मूळ भोक होतं. पहिल्या दोन टाचण्या त्यातच गेल्या होत्या. पट्टीसाहेबांची सात मिलिमीटर डावीकडे होती.

“खांब रोवला तेव्हा रेघेवरची जमीन भुसभुशीत लागली,” मी म्हटलं. “जुन्या तळ्याची माती. खांब कलायला लागला, म्हणून काकांनी तो सात मीटर उजवीकडे, कडक जमिनीत घेतला. हे भूमापकांच्या वहीत आहे. नाना काकांबरोबर तिथं जाऊन आले, म्हणून प्रतिकृतीतही आहे. नकाशात मात्र नाही.”

“सात मीटरसाठी नकाशा बदलत नाहीत,” पट्टीसाहेब म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मृदू.

“नाही ना. मागच्या मंगळवारी काका तुमच्याकडे आले. तीनशे अठ्ठ्याण्णव पावलं, असं त्यांनी सांगितलं असणार. खांब आता परत न्यायला हवा होता, तोही कुणी बघायच्या आत. मागच्या गुरुवारी दाट धुकं पडलं. ज्यानं तो खांब परत नेला, त्याला त्या धुक्यात जुनं भोक सापडणं शक्य नव्हतं. त्यानं हातयंत्र घेतलं आणि आकडे भरले. भूमापकानं नेला असता तर त्याच्या वहीतले आकडे भरले असते. खांब कडक जमिनीत गेला असता. नानांना तर ती जागा पाठ आहे. खांब नकाशातल्या बिंदूपासून चार बोटांवर उभा आहे, साहेब. कागदावर अगदी बरोबर. अशी चूक जमिनीवर काम करणारा माणूस करत नाही.”

 भुसानाना पट्टीसाहेबांकडे बघत होता.

“तू होतास,” तो म्हणाला. “ते ठोकणं. मी ‘ओ’ दिली, तेव्हा तू थांबलास.”

पट्टीसाहेबांनी टाचणी पुन्हा हातात घेतली आणि तिचं टोक न्याहाळत राहिले.

“सहा वर्षं मी ही धावपट्टी काढतोय,” ते म्हणाले. “तळ्याचा निचरा झाला की धुकं कमी होणार, माझं गणित आहे. दोन वर्षांनी कुणालाच खांब लागले नसते. एक हिवाळा फक्त. मी कुणाचं काही वाईट करत नव्हतो.”

“ते खड्ड्यात पडले, ते तुम्ही ऐकलंत,” मी म्हटलं.

“आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं.”

“ऐकलंत?”

“ऐकलं. म्हटलं, खांब आधी ठोकून घ्यावा. दहा मिनिटांचं काम. मग त्यांना शोधू. नाहीतर ते वर येऊन बघतील, की...” ते थांबले. “दहा मिनिटांनी आवाज येत नव्हता.”

खिडकीशी उभी असलेली मुलगी पुढं आली. तिच्या अंगात तो करडा स्वेटर होता, बाह्या दुमडलेल्या.

“काय म्हणत होते ते?”

पट्टीसाहेबांनी टाचणी पट्टीशेजारी ठेवली.

“मला सांगा. नानांना शब्द कळले नाहीत. तुम्ही जवळ होता. वाचवा म्हणत होते? माझं नाव घेत होते?”

“नाही.” ते म्हणाले, “ते विचारत होते, दोन नंबरजवळ कोण आहे? तीनदा विचारलं. दोन नंबरजवळ कोण आहे?”

६

शुक्रवारी मोठे साहेब आले, पण सही झाली नाही. जागेचा निर्णय पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबला. पट्टीसाहेबांना घेऊन पोलीस गेले तेव्हा त्यांनी टेबलावरचे आराखडे गुंडाळून, एकेकाला फीत बांधून ठेवले होते.

माझ्या अहवालात ‘निरीक्षकाची दृष्टी’ असा एक रकाना आहे. मी तो मुलीपुढं सरकवला. तिनं लिहिलं, ‘दृष्टी उत्तम,’ आणि खाली सही केली. 

शनिवारी पहाटेपासून पुन्हा धुकं उतरलं. मला दुपारी निघायचं होतं. पण खांब मूळ जागी लावून जायचं मी ठरवलं होतं. भूमापक आणि मी सहा वाजताच, फितीचं टोक खोलीच्या उंबरठ्याला अडकवून, माळावर चालत गेलो. खड्ड्याभोवती आता कंबरेएवढं कुंपण होतं. तरी आम्ही तिथून वळसा घालूनच गेलो. जुनं भोक हातानं चाचपून शोधलं. खांब उभा केला. भूमापकानं हातोडा घातला.

ठक्. ठक्.

आवाज आमच्या हातातून निघून चहूकडून परत येत होता. मला माझेच बूट दिसत नव्हते. या आवाजाला कुणी ‘चालतो आहे’ म्हणालं, तर ते वेड नाही, अचूक वर्णन आहे, हे मला तेव्हा कळलं. भूमापकानं खांब हलवून बघितला. ताठ होता. मग तो हातोडा घेऊन गोदामाकडे गेला, आणि तीन पावलांत नाहीसा झाला.

मी खांबावर हात ठेवून एकटी उभी होते. नळी गार आणि ओली होती.

सात वाजले असतील. दक्षिणेकडून असावा, किंवा कुठूनही, एक आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

“दोन नंबरजवळ कोण आहे?”

अंगावर काटा आला.  मग लक्षात आलं, की काकांची मुलगी त्यांच्या जागी उंबरठ्यावर उभी आहे, वही उघडी ठेवून, आणि सातची नोंद घ्यायची आहे.

“मी आहे,” मी शक्य तितक्या मोठ्यानं ओरडले. “मी आहे इथं!”

 मग तिचा आवाज पुन्हा आला, आता जरा स्थिर.

“किती?”

मी फितीवर अंगठा ठेवला आणि वाकून, डोळे अगदी जवळ नेऊन वाचलं.

“पाचशे,” मी म्हटलं. “बरोबर पाचशे.”